सिक्रेट सांताचं गिफ्ट गुंडाळायचं कसं? खाकी कागद, भेंडीचा ठसा आणि थोडंसं गणित

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. 'यंदा सिक्रेट सांता, बजेट ५०० रुपये, चिठ्ठ्या शुक्रवारी.' चिठ्ठीत नाव येतं ते नेमकं अशा माणसाचं, ज्याच्याशी लिफ्टमधल्या 'गुड मॉर्निंग'पलीकडे कधी बोलणं झालेलं नसतं. मग एखादा मग नाहीतर डायरी घेतली जाते आणि नाताळच्या आदल्या रात्री खरा प्रश्न उभा राहतो. हे गुंडाळायचं कशात?

इन्स्टाग्राम उघडावं तर रील्समध्ये सॅटिनच्या रिबिनी, पाइनच्या फांद्या आणि लाखेची मोहर. दुकानात जावं तर चकचकीत कागद, तयार फूल आणि त्यावर कागदी पिशवी, म्हणजे बजेटचा बराचसा भाग उघडून फेकून द्यायच्या वस्तूंवर खर्च. शेवटी अनेकजण पिशवीत वस्तू टाकतात, तोंडाला स्टेपलर मारतात आणि झोपायला जातात.

खरं तर चांगल्या वेष्टनाला महागडं सामान लागत नाही. लागतं ते थोडं मोजमाप, घरातल्या चार वस्तू आणि ही भेट कोणाला द्यायची आहे याचं भान. ते कसं, हे समजून घेण्याआधी गिफ्ट पेपर आला कुठून ते पाहू.

माल संपला म्हणून सापडलेला धंदा

साल १९१७. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातलं कॅन्सस सिटी शहर. जॉइस हॉल आणि रॉली हॉल या भावांचं तिथे ग्रीटिंग कार्डांचं दुकान होतं. त्या काळी नाताळच्या भेटी पांढऱ्या, लाल किंवा हिरव्या साध्या टिश्यू कागदात गुंडाळल्या जायच्या. ऐन नाताळच्या गर्दीत दुकानातला हा टिश्यू कागद संपला.

गिऱ्हाईक परत पाठवण्यापेक्षा भावांनी वेगळीच शक्कल लढवली. पाकिटांच्या आतून अस्तर म्हणून लावायचा नक्षीदार फ्रेंच कागद त्यांच्याकडे पडून होता. त्यांनी तोच १० सेंटला एक याप्रमाणे विकायला ठेवला आणि बघता बघता तो संपला. पुढच्या वर्षी ३ कागद २५ सेंटला ठेवले, तेही संपले. मग भावांनी स्वतःचा नक्षीदार कागद छापायला घेतला. हीच कंपनी पुढे 'हॉलमार्क' या नावाने जगभर ओळखली गेली.

या कागदाला साथ मिळाली चिकटपट्टीची. '३एम' कंपनीतल्या रिचर्ड ड्रू यांनी तयार केलेली पारदर्शक चिकटपट्टी १९३० साली बाजारात आली. त्याआधी पुडकं बांधायचं ते दोऱ्याने आणि बंद करायचं ते लाखेने. आज रील्समध्ये खास म्हणून दिसणारी लाखेची मोहर ही एकेकाळी निव्वळ गरज होती.

म्हणजे आज आपण ज्याला 'नेहमीचं' वेष्टन म्हणतो, ते जेमतेम १०० वर्षांचं आहे. आणि त्याची सुरुवातही घरात जे होतं ते वापरण्यातूनच झाली.

गुंडाळल्याने खरंच फरक पडतो?

पडतो. अमेरिकेतले संशोधक डॅनियल हॉवर्ड यांनी १९९२ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. तीच वस्तू गुंडाळून दिली तर उघडी दिल्यापेक्षा लोकांना जास्त आवडते, असं त्यात दिसलं. कारण सोपं आहे. गुंडाळलेली वस्तू पाहिली की वाढदिवस, सण, आनंदाचे प्रसंग आठवतात आणि माणूस आधीच खुशीत येतो.

पण वेष्टन जितकं सुबक तितकं चांगलं, असंही नाही. नेवाडा विद्यापीठाच्या रीनो इथल्या संशोधकांनी २०१९ साली एक मजेशीर प्रयोग मांडला. विद्यार्थ्यांना बास्केटबॉल संघांचे मग भेट दिले. काहींना आवडत्या संघाचा, काहींना त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा. काही मग अगदी नीटनेटके गुंडाळलेले, काही गबाळे. गबाळ्या वेष्टनातून मग मिळालेल्यांना आपली भेट जास्त आवडली, मग आतला मग कोणत्याही संघाचा असो.

हे उलटं का घडलं? सुबक वेष्टन अपेक्षा वाढवतं. इतकं देखणं गुंडाळलंय, म्हणजे आत काहीतरी जबरदस्त असणार, असं वाटतं आणि आत निघतो एक मग. गबाळं वेष्टन अपेक्षा खाली ठेवतं, त्यामुळे तोच मग सुखद धक्का देऊन जातो.

याच अभ्यासाचा पुढचा भाग सिक्रेट सांतासाठी कामाचा आहे. भेट जवळच्या मित्राकडून आली असेल तर गबाळं वेष्टन चालतं. पण जेमतेम ओळखीच्या माणसाकडून आली असेल तर सुबक वेष्टनातली भेट जास्त आवडते. मैत्री पक्की असते तिथे वेष्टनातून काही सिद्ध करायचं नसतं. ओळख कच्ची असते तिथे मात्र समोरचा वेष्टनाकडे पाहूनच ठरवतो, की या माणसाने माझ्यासाठी थोडा तरी वेळ काढला का.

मराठी घरांत हे संशोधनाआधीच ठाऊक आहे. सुदाम्याने कृष्णासाठी पोहे नेले ते फाटक्या फडक्याच्या पुरचुंडीत. दोस्ती जुनी होती म्हणून ती पुरचुंडी गोड झाली. तेच पोहे अकाउंट्समधल्या अनोळखी सहकाऱ्याला द्यायचे असतील, तर गाठ जरा नीट बांधलेली बरी.

'स्वतःची स्टाइल' म्हणजे तीन निर्णय

वेष्टनात स्वतःची छाप दिसायला हवी, असं म्हटलं की बरेच जण सामान वाढवतात. दोन रंगांचा कागद, तीन रिबिनी, वर चमकी, त्यावर स्टिकर. होतं उलटंच, काहीच नजरेत भरत नाही. ओळख तयार होते ती मोजक्या गोष्टी पुन्हा पुन्हा वापरल्याने. त्यासाठी तीन निर्णय पुरतात.

पहिला, एकच पाया. सगळ्या भेटींना एकच कागद किंवा एकाच जातीचं कापड. सर्वात सोपा पर्याय म्हणजे खाकी कागद. दर जूनमध्ये वह्यांना कव्हरं घालून बहुतेकांचा हात या कागदावर बसलेला असतो. घड्या कडक बसतात, चूक झाली तर दिसत नाही आणि वर कोणताही रंग उठून दिसतो.

दुसरा, एकच दोरा. सुतळी, लाल लोकर, जुन्या साडीच्या काठाची पट्टी किंवा खणाच्या कापडाची कातरलेली फीत. यातलं एक निवडायचं आणि सगळ्या भेटींना तेच बांधायचं.

तिसरा, एकच खूण. ही खूण दरवर्षी तीच ठेवली, तर दोन-तीन नाताळांत घरातली मुलंसुद्धा झाडाखालचं पुडकं पाहून सांगतात, 'हे मावशीचं!' यालाच स्टाइल म्हणायचं.

खूण कुठून आणायची?

एक उत्तर भाजीच्या टोपलीत आहे. भेंडी आडवी कापली की बहुतेक वेळा पाच कोनांचा आकार मिळतो, म्हणजे नाताळचा तारा तयारच. शाळेत चित्रकलेच्या तासाला भेंडीचे ठसे जवळपास सगळ्यांनी उमटवलेले असतात, तेच तंत्र इथे चालतं. जरा जून भेंडी घ्यावी, कापलेली बाजू फडक्याने टिपून चिकटपणा काढावा. पोस्टर कलरमध्ये पाणी कमी घालावं आणि तो स्पंजच्या तुकड्यावर पसरून भेंडी त्यावर टेकवावी. आधी रद्दी पेपरवर दोन-तीन ठसे मारून पाहावेत. खाकी कागदावर लाल आणि पांढरा, एवढे दोनच रंग पुरतात. कागद पूर्ण वाळल्यावरच भेट गुंडाळावी, नाहीतर रंग फासतो.

ज्यांचा हात चित्रकलेत बरा आहे त्यांना वारलीची वाट आहे. पालघर भागातल्या वारली समाजाची ही कला मुळात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने काढली जाते. माणसाचं धड म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. खाकी कागदावर पांढऱ्या पोस्टर कलरने आणि टूथपिकने काढलेली चार माणसंही पुडक्याचं रूप पालटून टाकतात.

यातलं काहीच जमत नसेल तर मापात ठिपके द्यावेत. रांगोळीची सवय असलेल्या हाताला ओळीत ठिपके मांडणं अवघड नाही.

कागद किती कापायचा?

वेष्टन बिघडतं ते बहुतेक वेळा अंदाजाने कापल्यामुळे. कागद कमी पडला तर जोड द्यावा लागतो आणि जास्त झाला तर दोन्ही टोकांना जाड गाठोडं होतं. त्यासाठी साधा हिशोब आहे.

कागदाची एक बाजू अशी असावी की ती डब्याभोवती पूर्ण फिरून वर ३ सेंटिमीटर उरेल. दुसरी बाजू म्हणजे डब्याची लांबी आणि दोन्ही टोकांना डब्याच्या उंचीचा पाऊण भाग. उदाहरणार्थ, पुस्तक २२ सेंटिमीटर लांब, १५ रुंद आणि ४ जाड आहे. भोवती फिरायला १५ आणि ४ यांची बेरीज दुप्पट, म्हणजे ३८, अधिक ३, असे ४१ सेंटिमीटर. दुसऱ्या बाजूला २२ अधिक ३ अधिक ३, म्हणजे २८. हा ४१ बाय २८ चा तुकडा पुरतो.

गुंडाळताना कागदाची छापील बाजू खाली आणि वस्तू उपडी ठेवावी, म्हणजे जोड मागे जातो. जी कड वर दिसणार ती १ सेंटिमीटर आत दुमडून मग चिकटवावी, कापल्याची ओबडधोबड रेघ लपते. टोकांना आधी दोन्ही बाजू आत, मग वरचा पदर खाली आणि शेवटी खालचा वर. प्रत्येक घडीवरून नखाने दाब द्यावा. वेष्टन सुबक दिसण्यामागे निम्मं काम या नखाचं असतं.

डबा वरून चौरस असेल, उदाहरणार्थ केकचा, तर आणखी एक युक्ती आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या गणितज्ञ सारा सँतोस यांनी ती मांडली. डब्याच्या वरच्या चौरसाचा कर्ण मोजायचा, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर. त्यात डब्याच्या उंचीची दीडपट मिळवायची आणि तेवढ्या बाजूचा चौरस कागद कापायचा. डबा त्यावर तिरका ठेवायचा, म्हणजे कागदाचे कोपरे डब्याच्या बाजूंसमोर येतात. मग चारही कोपरे वर घेऊन मध्यभागी जुळवायचे.

२० सेंटिमीटर बाजूचा आणि १० सेंटिमीटर उंच डबा धरला, तर कर्ण साधारण २८.३ येतो. त्यात १५ मिळवले की ४३.३, म्हणजे ४४ सेंटिमीटरचा चौरस. नेहमीच्या पद्धतीने याच डब्याला ६३ बाय ३५ चा तुकडा लागला असता. तिरक्या पद्धतीत कागद सुमारे १२ टक्के कमी लागतो आणि चिकटपट्टीचेही दोन-तीन तुकडेच पुरतात.

कागदच नको असेल तर

वस्तू गोल असेल, वेडीवाकडी असेल किंवा कापाकापीचा कंटाळा असेल, तर कापड बरं. जपानमध्ये चौकोनी कापडात वस्तू बांधायची जुनी पद्धत आहे, तिला फुरोशिकी म्हणतात. नावातला 'फुरो' म्हणजे स्नान. सार्वजनिक स्नानगृहात जाताना लोक आपले कपडे अशा कापडात बांधून न्यायचे. प्लास्टिक पिशव्यांचा वापर कमी व्हावा म्हणून २००६ साली जपानच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी या कापडाचा नव्याने प्रचार केला होता.

मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही. गाठोडं, बोचकं, पुरचुंडी हे शब्द त्यातूनच आलेले आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातली मोडी कागदपत्रंसुद्धा कापडात बांधून ठेवलेली आहेत आणि त्या गठ्ठ्यांना 'रुमाल' असंच म्हणतात.

मापाचा नियम सोपा आहे. कापडाचा कर्ण वस्तूच्या लांबीच्या साधारण तिप्पट हवा. २२ सेंटिमीटरच्या पुस्तकाला सुमारे ५० सेंटिमीटरचा चौरस रुमाल पुरतो. मोठ्या डब्याला ब्लाउजपीस किंवा स्टोल चालतो. कापड शंकरपाळ्यासारखं तिरकं अंथरायचं, मधोमध वस्तू ठेवायची, जवळचा कोपरा वस्तूवर घ्यायचा, मग समोरचा. उरलेल्या दोन कोपऱ्यांची वर गाठ मारायची. चिकटपट्टी नाही, कात्री नाही. शिवाय खणाचा ब्लाउजपीस असेल तर वेष्टनच दुसरी भेट होते.

गोव्यात नाताळचा फराळ शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाठवायची पद्धत याच वळणाची. दोदोल, बेबिंका, नेवऱ्यो असे पदार्थ ताटात मांडायचे आणि वर क्रोशाचा किंवा भरतकामाचा रुमाल झाकायचा. ताट आणि रुमाल परत येतात, फेकायला काहीच उरत नाही.

वर काय लावायचं?

रील्समधली पाइनची फांदी इथे सहज मिळत नाही, पण कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं भरपूर असतात. भारतात अनेक ठिकाणी ख्रिसमस ट्री म्हणून सुरूचीच फांदी उभी केली जाते. खाली पडलेली बोटभर डहाळी आणि सुरूचं छोटं खरखरीत फळ सुतळीखाली खोचलं की काम झालं.

शहरात सुरू नसेल तर मसाल्याचा डबा उघडावा. चक्रीफूल हा तर घडवलेला ताराच. दालचिनीच्या दोन काड्या लाल दोऱ्याने बांधून लावल्या तर पुडकं हातात घेताच वास येतो. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा उरलेला पतंगी कागद, मोडलेल्या हाराचे मणी, जुन्या ड्रेसचा गोंडा, हेही चालतं. पथ्य एकच, वर एकच वस्तू ठेवावी आणि ती मधोमध न ठेवता थोडी बाजूला बांधावी.

बर्फ म्हणून थर्माकोलच्या गोळ्या मात्र नकोत. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. कापूस तेच काम करतो.

नावाच्या पट्टीसाठी जुन्या लग्नपत्रिकेचा कोरा भाग कापून घ्यावा. त्यावर नाव लिहावं आणि खाली एक ओळ, फक्त त्या माणसाला लागू पडेल अशी. 'मेरी ख्रिसमस' सगळेच लिहितात. 'रोज शेवटपर्यंत थांबून दिवे बंद करणाऱ्या माणसाला' असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला कळतं की आपल्याला कुणीतरी पाहिलेलं आहे. अख्ख्या वेष्टनात सर्वात कमी खर्च या ओळीला येतो आणि बऱ्याचदा पुडकं उघडल्यावर जपून ठेवली जाते ती हीच.

उघडल्यानंतरचं

चकचकीत आणि चमकी लावलेल्या गिफ्ट पेपरमध्ये अनेकदा प्लास्टिकचा किंवा धातूचा पातळ थर असतो. तो कागद म्हणून पुन्हा वापरात येत नाही. ओळखायची सोपी रीत आहे. कागद मुठीत घट्ट चुरगाळून सोडून द्यायचा. गोळा तसाच राहिला तर तो साधा कागद, आपोआप उलगडू लागला तर त्यात प्लास्टिक आहे. चमकी असलेला कागद मात्र या परीक्षेत पास झाला तरी रद्दीत टाकू नये.

खाकी कागद, सुतळी आणि कापड यांची ही अडचण नसते. चिकटपट्टी कमी आणि दोरा जास्त असला की पुडकं न फाडता सोडता येतं आणि तोच कागद पुढच्या जूनमध्ये एखाद्या वहीचं कव्हर होऊ शकतो.

राहता राहिला तो सहकारी, ज्याचं नाव चिठ्ठीत आलं होतं. २५ तारखेच्या आसपास ऑफिसात सगळी पुडकी टेबलावर येतील. त्यात एक खाकी असेल. वर भेंडीचे लाल तारे, सुतळीत खोचलेलं एक चक्रीफूल आणि हाताने लिहिलेली एक ओळ. आत मगच असेल, ५०० रुपयांच्या आतला. पण तो हातात घेऊन ती ओळ वाचताना जे मिनिटभर जाईल, तेवढ्यात लिफ्टमधल्या 'गुड मॉर्निंग'च्या पुढे बोलायला एक विषय मिळालेला असेल.